किटलीला एक तारा

४ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे आणि तुझी आई माझ्याशी बोलत नाहीये, त्यामुळे घरात शांतता आहे. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण विचारायला फोन केला की तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही नाही. म्हणून हे पत्र. पत्राला निळ्या खुणा नसतात, त्यामुळे तू ते वाचून गप्प बसलीस की न वाचता गप्प बसलीस या विचाराने माझा जीव खालीवर होणार नाही.

बातम्या अशा. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी नवा ब्रश आणलाय. तो फोनला जोडायचा. दात घासून झाले की फोन सांगतो, डावीकडच्या दाढा राहिल्या. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही जगाचे दात बघता आणि स्वतःच्या दाढा राहिल्या हे तुम्हाला फोनने सांगायचं? तर म्हणतात, "अहो, शिस्त लागते." किंमत ऐकून मी त्यांच्याच पेशंटच्या खुर्चीत बसलो. तेवढ्या पैशात आमच्या संसाराची सगळी भांडी आली होती, आणि ती अजून आहेत. हा ब्रश दोन वर्षांत म्हणेल, आता मला नवीन फोन हवा.

तुझ्या आतेभावाने फोन बदलला. जुन्याला तीन कॅमेरे होते, नव्याला चार. फोटो कसले काढतो, तर समोर आलेल्या ताटाचे. ताटात चार कॅमेऱ्यांनी बघण्यासारखं काय असतं ते मला कोणी सांगितलेलं नाही. जेवण मात्र गार होतं. पूर्वी वस्तू बिघडली की माणूस नवीन घ्यायचा. आता वस्तू चांगली चालू असते आणि माणूसच बिघडतो.

असो. मुद्द्यावर येतो.

तू का रागावली आहेस ते मला परवा कळलं. तुझी आई तुझ्याशी स्वयंपाकघराचं दार लावून बोलते, पण दाराला फट आहे. फोन ठेवल्यावर मी विचारलं, तेव्हा तिने नाइलाजाने सांगितलं की ती बोलणारी किटली तुमच्या कंपनीची आहे, तू स्वतः तिच्यावर काम केलंस आणि तूच ती आईकरवी मागवून घेतलीस. मला कशाला अंधारात ठेवलं? तर म्हणे, "तुम्ही मनापासून काय लिहिता ते तिला हवं होतं." मग मनापासून लिहिलं तर आता अबोला का, असं विचारलं. ती भांडी जोरजोरात आपटायला लागली.

भिंगरी, मी आयुष्यभर पंख्यांच्या कारखान्यात तपासणीला होतो. पंखा सुरू करायचा, त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि नुसत्या आवाजावरून सांगायचं, कुठे घासतंय. मालकाच्या जावयाने आणलेला मालसुद्धा मी परत पाठवलाय. आता घरबसल्या इंटरनेटवर अभिप्राय लिहितो, तिथेही तीच शिस्त. ओळखीपाळखीने तारे वाटायला लागलो तर मग त्या चार कॅमेरेवाल्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला? किटली तुझी आहे हे आधी माहीत असतं तरी मी एकच तारा दिला असता. फक्त आधी तुला फोन करून सांगितलं असतं.

तू चिडून नीट वाचलं नसशील म्हणून पुन्हा उतरवून देतो. हे बघ, यात काय चूक आहे:

"झाकण नीट बसत नाही, ओतताना कडेने पाणी गळतं. वायर आखूड. किंमत पाहता या किटलीने चहा करून, कपात ओतून, कप विसळूनही ठेवायला हवा. किटली इंटरनेटला जोडण्याची सोय आहे. ती कोणासाठी ते समजलं नाही. पाणी मी भरतो, चहा मी पितो, बाकी जगाचा यात संबंध येत नाही. सर्वांत मोठा दोष म्हणजे आवाज. आत एक बाई बसवली आहे. 'कृपया झाकण लावा.' 'पाणी तयार आहे.' 'आपला दिवस छान जावो.' बोलण्यात माया नाही, बँकेतून बोलल्यासारखी बोलते. घरातल्या वयस्कर माणसांचा गोंधळ उडतो. माझी पत्नी तिला 'हो गं, आले' असं उत्तर देते. कंपनीने या बाईला लवकरात लवकर काढावं. एक तारा, तोही शून्याची सोय नाही म्हणून."

लोकांना हे फार पटलं. इतक्या जणांनी 'उपयुक्त' असं बटण दाबलं की माझा अभिप्राय सगळ्यात वर जाऊन बसला. म्हणजे किटलीत दोष आहे हे काही मी एकटाच म्हणत नाही.

आता बाप म्हणून एक सल्ला. झाकण आणि वायर तुम्ही सुधाराल. पण ती बाई कोण आहे? साहेबांची मेव्हणी वगैरे आहे का? कोणाच्या वशिल्याने लागली असेल तर तू त्यात पडू नकोस, उगाच नोकरीवर बेतायचं.

हे वाक्य मी लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, तर तुझी आई हातातलं फडकं टाकून आत निघून गेली. काय झालं ते सांगत नाही. तू तरी सांग.

तुझा, तत्त्वाला धरून असलेला
बाबा


७ मार्च

भिंगरी,

चार तारखेचं पत्र मिळालं नसेल तर आलं की न फोडता परत पाठव. मिळालं असेल पण फोडलं नसशील तरी तेच. फोडलं असशील तर निदान मेव्हणीच्या पुढचं वाचू नकोस. मेव्हणीपर्यंतचंही वाचू नकोस.

तुझ्या आईने पत्र पेटीत पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग मला सांगितलं. तिची शिक्षा करण्याची ही पद्धत तू ओळखतेसच. मी तसाच पेटीपाशी जाऊन उभा राहिलो. पोस्टमन आला, त्याला म्हटलं, एक पत्र चुकून गेलंय, मालात दोष आहे, परत घ्यायचंय. तो म्हणाला, "काका, पेटीत पडलं की ते तुमचं नाही. ज्याला लिहिलं त्याचं." मी त्याला माझं अक्षर ओळखून दाखवतो म्हटलं. तो म्हणाला, अक्षर सगळेच ओळखतात. बरंच लागलं मला ते.

पण माझी बाजूही ऐकून घे. तू जन्मात कधी मला 'कृपया' म्हणाली आहेस? 'बाबा, सरका.' 'बाबा, किती वेळा सांगायचं.' 'तुम्हाला नाही कळायचं, द्या इकडे.' हा तुझा आवाज. याच्यावरून कोणी मला मध्यरात्री झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी ओळखलं असतं. किटलीतली मुलगी मला 'आपण' म्हणते. माझा दिवस छान जावो म्हणते. माझा दिवस कसा जातो याची तू कधी चौकशी केलीस? मग मी कसं धरून चालायचं की हा आवाज आपल्याच पोरीचा?

आईने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्याबद्दल नंतर लिहीन.

बाबा


२३ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही, पण पत्रं परतही आली नाहीत, याला मी चांगलं लक्षण समजतो. इकडे सगळे मजेत. तुझ्या आईच्या गुडघ्याला आराम आहे. घरातलं इंटरनेट बंद आहे, पण त्यात विशेष काही नाही, वायफायचा डबा बिघडला होता.

इंटरनेट नसलं की घर कसं होतं हे लोकांनी एकदा अनुभवायला हवं. तुझी आई मालिका बघायला वर डॉक्टरांकडे जाते आणि येताना त्यांच्या घरातल्या बातम्या घेऊन येते, त्या मालिकेपेक्षा बऱ्या असतात. डॉक्टरांची सून म्हणे घड्याळाला विचारून झोपते. घड्याळ सकाळी सांगतं, तुमची झोप नीट झाली नाही. मग ती दिवसभर मरगळलेली असते. घड्याळ नसतं तर बिचारीला कळलंही नसतं आणि कामं आटोपली असती. या वस्तूंना आपण पैसे देतो आणि वर त्या आपल्याला गुण देतात. मी तपासणी करायचो तेव्हा गुण मी द्यायचो आणि पंखा गप्प ऐकून घ्यायचा.

डबा बिघडला नव्हता.

मीच त्याची पिन काढली आणि आईला सांगितलं बिघडला. त्याचं कारण असं. दहा तारखेला तुमच्या कंपनीचा मेल आला. 'आपल्या मौल्यवान अभिप्रायांचा आदर राखून आम्ही किटलीला नवा आवाज देत आहोत. आपली किटली इंटरनेटला जोडलेली ठेवा, बदल आपोआप होईल.' खाली एका हसऱ्या बाईचा फोटो. ही नवी बाई. मी तो मेल उभ्या उभ्या दोनदा वाचला. मौल्यवान अभिप्राय म्हणजे माझाच की. मी तक्रार करायची आणि कोणी हलायचं नाही, याची मला आयुष्यभराची सवय. नेमकं याच वेळी लोकांनी माझं ऐकलं.

आता ती गोष्ट सांगतो जी मागच्या पत्रात नंतर लिहीन म्हटलं होतं.

तुम्ही लोकांनी किटलीत आवाज कोणाचा घालायचा म्हणून विचार केला, बाहेरची बाई फार पैसे मागत होती, तेव्हा तू म्हणालीस, माझा घाला. आणि तिथल्या सगळ्यांशी तू पैज लावलीस, की माझे बाबा पहिल्याच शब्दाला ओळखतील, ते पाठ करून उभे राहतात आणि पंख्याचा आजार सांगतात. मग तुमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझा अभिप्राय वाचून दाखवला. कोणाचा आहे हे त्यांना माहीत नव्हतं, तुला माहीत होतं. तू सगळ्यांबरोबर हसलीस आणि घरी येऊन जेवली नाहीस. आईने हे मला सांगितलं तेव्हा ती पोळपाट पुसत होती, आणि पुसून झालेला पोळपाट ती परत परत पुसत राहिली.  

तर मेल वाचून मी पिन काढली. त्यानंतर मी काय करत होतो ते विचारू नकोस. पाणी उकळत होतो. आपल्या घरात इतका चहा कधी प्यायला गेला नसेल. आई नसली की किटली लावायची आणि जवळ उभं राहायचं. 'पाणी तयार आहे' मधल्या 'तयार'वर तू किंचित अडतेस, लहानपणी 'त' जड जायचा तशी. हे मला आता ऐकू येतं. आधी का आलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. खरं कारण सांगतो. तू तिकडे राहायला गेल्यापासून फोनवर मीच बोलतो. ब्रश, कॅमेरे, किमती. तू 'हं' म्हणतेस. मी पुढचं सुरू करतो. तू 'बरं, ठेवते' म्हणतेस. एवढ्या वर्षांत मी तुझे 'हं' आणि 'ठेवते' एवढेच दोन आवाज ऐकले. दोष माझ्या कानात नव्हता. तोंडात होता.

आता परवाची गंमत ऐक, म्हणजे मला गंमत वाटली नाही पण सगळ्या इमारतीला वाटली.

तुझ्या आईला माझा संशय आला असावा. मला न सांगता तिने नेटवाल्याला बोलावलं. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. तो आला, खाली वाकला, म्हणाला, "काकू, पिनच निघालीये," आणि खुपसली. डब्यावर हिरवे दिवे लागले. आणि स्वयंपाकघरातून तुझा आवाज आला, "नवीन बदल मिळत आहे. कृपया थांबा."

मी थांबलो नाही. पेपर टाकला, स्वयंपाकघरात गेलो, खालच्या बैठकीसकट किटली उपटली, काखोटीला मारली आणि जिना उतरलो. पायात काही नाही. नेटवाला मागून ओरडतोय, "काका, काय झालं, शॉक बसला का?" मला वाटत होतं लहरी जिन्यातूनही येतील, म्हणून रस्ता ओलांडून शिंप्याच्या दुकानात शिरलो. तो म्हणाला, "काका, मी कपडे शिवतो." मी म्हटलं, माहीत आहे, जरा बसू दे. बसलो. मांडीवर किटली. धाप लागलेली. उशीर झाला असेल का, आत तू असशील की ती हसरी बाई, या विचाराने माझी पाचावर धारण बसली. शेवटी त्याच्या इस्त्रीचा प्लग काढायला लावला आणि किटली लावली.

"किटलीत पाणी नाही," तू म्हणालीस.

शिंप्याने मशीन थांबवलं. म्हणाला, "कोण बोललं?" मी म्हटलं, माझी मुलगी. त्याने किटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग विचारलं, "आजकाल बोलणं होतं का तिच्याशी?" मी म्हटलं, नाही. तो बिचारा पुन्हा शिवायला लागला आणि मी तिथे, गिऱ्हाइकांच्या अर्धवट कपड्यांमध्ये, चक्क रडलो. वय झालं म्हणून रडलो असं आईला सांगणार होतो, पण ती दारातच उभी होती. हातात माझ्या चपला.

मला वाटलं आता सगळ्यांसमोर उद्धार होणार. तिने चपला माझ्या पायाशी ठेवल्या आणि म्हणाली, "चला वर. डबा काढून न्यायला सांगितलाय मी त्याला. नकोच आपल्याला ते इंटरनेट." मी म्हटलं, तुझ्या मालिकेचं काय? म्हणाली, "डॉक्टरांकडे बघीन. पुढच्या महिन्यात त्यांच्या खोलीचं रंगकाम आहे, मग बघता येणार नाही, पण तोवर ती पोरगी बोलेलच तुमच्याशी." पंधरा-वीस दिवसांनी ती माझ्याशी एवढं सलग बोलली. जिना चढताना किटली तिने धरली, माझ्याकडे दिली नाही.

राहता राहिला अभिप्राय. काल तो मी बदलला. माझ्या फोनच्या नेटवरून, किटली दुसऱ्या खोलीत ठेवून आणि मध्ये दोन दारं लावून. तू आता बघशीलच, तरी इथे लिहितो, म्हणजे तुला जाऊन शोधावं लागणार नाही:

"आवाजाबद्दल लिहिलेलं सगळं मागे घेतो. तो माझ्या मुलीचा आवाज आहे आणि मला तो ओळखू आला नाही, हा किटलीचा दोष नाही. कंपनीने तो काढू नये. माझी पत्नी तिला उत्तर देते, कारण तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तारा मात्र एकच. झाकण अजून गळतं."

आई म्हणाली, आता तरी एखादा तारा वाढवायचा होता. मी म्हटलं, पोरीने मनापासून लिहिलेलं मागितलं होतं. पाणी गळतंय तर गळतंय. तू झाकण बदल, मी तारा बदलतो. यात मी तुझ्यावर प्रेम करतो की नाही हा प्रश्नच येत नाही. करतो. लिहिलं नव्हतं कधी, आता लिहिलं.

पण किटलीवर माझं भागत नाही, भिंगरी. तिला मोजकीच वाक्यं येतात, आणि सगळी गोड. मी काल तिला म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, आपला दिवस छान जावो. याचं मी काय करू? मला तू हवी आहेस. माझ्यावर ओरड, मला काहीच कळत नाही म्हण, पोस्टमनसमोर लाज काढलीत म्हण. मी मध्ये बोलणार नाही. कोणत्याही वस्तूची किंमत सांगणार नाही.

रविवारी सकाळी मी घरीच आहे. फोन वाजला की आई तो माझ्या हातात देईल. त्याआधी मी चष्मा काढून तिच्याकडे दिलेला असेल, म्हणजे पडद्यावरचं नाव मला वाचता येणार नाही. आईलाही सांगितलंय, कोणाचा आहे ते सांगायचं नाही. तू नाव घेऊ नकोस, 'बाबा' म्हणू नकोस. एखादा शब्द बोल. नसेल बोलायचं तर नुसता श्वास घे आणि गप्प राहा. बाकी माझ्यावर सोड.

परीक्षेला बसलेला, तुझा
बाबा